वार, वळ आणि मुका मार

न्यायवैद्यकात जखमेला विचारले जाणारे प्रश्न तीन: ती कशाने झाली, केव्हा झाली आणि तिने माणसाचे किती नुकसान केले. ती बरी कशी होईल हा चौथा प्रश्न वैद्याचा. न्यायालयाला त्याच्याशी फारसे कर्तव्य नसते. इतिहासात मात्र हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात, आणि जखमांची प्रतवारी कोण करतो यावर तिचे स्वरूप ठरत गेलेले दिसते. वैद्याची प्रतवारी एक, दंड वसूल करणाऱ्याची दुसरी आणि हत्याराचा माग काढणाऱ्याची तिसरी.

बोलीभाषेचीही स्वतःची प्रतवारी असते. मराठीत गुडघा खरचटतो, पाठीवर वळ उठतात, कपाळाला टेंगूळ येते, डोक्याला खोक पडते, बोट कापते आणि पोटात सुरा भोसकला जातो. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द जखमेबरोबर तिचे कारणही सांगून टाकतो. छडी, पट्टा किंवा चाबूक असल्याशिवाय वळ उठत नाहीत. ब्लेडने कापलेल्याला कोणी खोक म्हणत नाही. खोक पडायला दगड, दांडके किंवा दाराची चौकट लागते. ‘मुका मार’ हा तर या यादीतला सर्वांत नेमका शब्द. कातडी शाबूत, रक्ताचा थेंब नाही आणि आत मात्र स्नायू ठेचलेले. ही जखम स्वतःहून काही बोलत नाही. जखमांचा हिशेब ठेवू पाहणाऱ्या बहुतेक कायद्यांना याच मुक्या माराने अडचणीत टाकले आहे.

भारतातली सर्वांत तपशीलवार जुनी प्रतवारी वैद्याची आहे. सुश्रुतसंहितेत व्रणांचे मुळातच दोन वर्ग केले आहेत: शरीरातल्या दोषांमुळे होणारे आणि बाहेरच्या आघाताने होणारे आगंतु व्रण. आघाताच्या ताज्या जखमांना तिथे सद्योव्रण म्हटले आहे. चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायात त्यांचे सहा प्रकार येतात. छिन्न म्हणजे सरळ किंवा तिरपी लांब कापलेली जखम, ज्यात अवयव तुटूनही पडू शकतो. भिन्न म्हणजे भाला, तलवारीचे टोक किंवा शिंग पोटातल्या एखाद्या आशयापर्यंत शिरून तो फुटणे. आशय सोडून इतरत्र अणकुचीदार वस्तू घुसली तर ते विद्ध. धड कापलेले नाही, धड भोसकलेले नाही, अशी दोन्हींची लक्षणे असणारी वेडीवाकडी जखम म्हणजे क्षत. प्रहाराने किंवा दाबाने हाडासकट अवयव चेपला गेला तर पिच्चित, आणि घासून कातडी सोलली गेली तर घृष्ट.

आजच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकातले मुख्य प्रकार यात ओळखू येतात, हे खरे. पण हे साम्य फार ताणू नये. सुश्रुतासमोर आरोपी नव्हता, रणांगणावरून उचलून आणलेला रुग्ण होता. भिन्न आणि विद्ध हे दोन प्रकार त्याने वेगळे केले ते हत्यार निराळे म्हणून नव्हे. पोटातला आशय फुटला की रोग्याची गत वेगळी होते आणि उपचारही बदलतो, म्हणून. न्यायालयाच्या प्रश्नाजवळ तो जातो तो दुसऱ्याच ठिकाणी, शारीरस्थानातल्या मर्मांच्या अध्यायात. तिथे १०७ मर्मे त्यांवरच्या आघाताच्या परिणामानुसार पाच गटांत वाटली आहेत: १९ तत्काळ प्राण घेणारी, ३३ काही काळाने प्राण घेणारी, ४४ व्यंग आणणारी, ८ केवळ वेदना देणारी. उरलेली तीन विशल्यघ्न, म्हणजे शल्य आत रुतून आहे तोवर माणूस जगतो, उपसले की मरतो. कोणता घाव जीव घेणारा आणि कोणता नुसता अधू करणारा, ही यादी एखाद्या न्यायाधीशाच्या हाती लागली असती तर त्याने ती लगेच वापरायला घेतली असती.

न्यायाधीशांच्या हाती होती ती मोजपट्टी बरीच ढोबळ होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दंड खोलीप्रमाणे चढतो: कातडी फोडणाऱ्याला आणि रक्त काढणाऱ्याला १०० पण, मांस कापणाऱ्याला सहा निष्क, हाड मोडणाऱ्याला हद्दपारी. कातडी, मांस, हाड अशा एकाखाली एक पायऱ्या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दंडपारुष्याचे प्रकरण यापेक्षा सावध आहे. लाकूड, ढेकूळ, दगड, लोखंडी दांडा किंवा दोरी यांनी रक्त न काढता वेदना दिली तर २४ पण, रक्त काढले तर दुप्पट. त्यालाही अपवाद जोडलेला आहे: मुळात दूषित असलेले रक्त वाहिले तर तो दुप्पट दंड नाही. रक्त हाच निकष धरला की मुका मार स्वस्तात सुटतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसते. कारण रक्त न काढता एखाद्याला मरणप्राय झोडपणे हा गुन्हा त्याने हात, पाय, दात मोडणे आणि नाक-कान कापणे यांच्या पंक्तीला बसवला आहे.

अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात ‘आशुमृतकपरीक्षा’ हे प्रकरण आहे. अचानक मेलेल्याचे प्रेत तेल लावून तपासावे, असे ते सांगते. हातपाय व पोट सुजलेले, डोळे उघडे आणि गळ्यावर व्रण असेल तर श्वास कोंडून मारलेला समजावा. रक्ताने माखलेला आणि अवयव मोडलेले असतील तर काठ्या-दगडांनी मारलेला. आधी मारून मग फास लावलेला तर नाही ना, हा संशयही ग्रंथ घेतो. येथे तिसऱ्या प्रकारची, माग काढणाऱ्याची नजर स्पष्ट दिसते. पण हा ग्रंथ कित्येक शतके नजरेआड होता. म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींना त्याची पोथी मिळून तो १९०९ मध्ये छापून निघाला, तेव्हा भारतातल्या न्यायालयांत इंग्रजी पद्धतीचे न्यायवैद्यक केव्हाच रुजले होते. त्यामुळे आजच्या शवचिकित्सेची परंपरा कौटिल्यापासून अखंड चालत आली, असे म्हणता येत नाही.

अखंड परंपरा पाहायची तर चीनमध्ये. इ. स. ६५३ च्या तांग संहितेत जखमांना मुदती ठरवून दिल्या होत्या. हाता-पायाने मारल्यास १० दिवस, इतर वस्तूने मारल्यास २०, धारदार हत्यार, उकळते पाणी किंवा आग असल्यास ३० आणि हाड मोडल्यास ५० दिवस. या मुदतीत जखमी त्या जखमेने मेला तर मारणारा खुनी ठरे. मुदतीनंतर मेला तर तो केवळ मारहाणीचा अपराधी. यामुळे पहिल्याच दिवशी अधिकाऱ्याला ठरवावे लागे की जखम कशाने झाली आहे. प्रतवारी चुकली तर मुदत चुकणार आणि मुदत चुकली तर एखाद्याचा जीव जाणार. जखम काळजीपूर्वक लिहून ठेवण्याची सवय अशा हिशेबातून लागली असावी.

या सवयीचे फळ म्हणजे सोंग त्स या न्यायाधिकाऱ्याने १२४७ मध्ये लिहिलेला ‘शी युआन जी लू’, अन्याय धुऊन काढण्यासाठीच्या नोंदींचा संग्रह. ग्रंथ लिहिणारा वैद्य नव्हता, प्रेतांच्या तपासणीला स्वतः हजर राहून ताण सोसलेला अधिकारी होता. तपासणीला उशीर करू नये, दुर्गंधीला कंटाळून लांब बसू नये, हाताखालच्यांच्या शब्दावर विसंबू नये, अशा सूचना त्यात आहेत. जिवंतपणी आणि मेल्यावर झालेल्या वारांतला फरक तो सांगतो: जिवंत माणसाला कापले तर मांस आकसते आणि जखमेत रक्त साकळते, मेल्यावर कापले तर कडा पांढुरक्या आणि कोरड्या राहतात. हा निकष आजही तपासणीचा पाया आहे. मुक्या मारासाठी त्याच्याकडे खास उपाय होते. अंगावर व्हिनेगर आणि मद्याचा चोथा लावून झाकून ठेवायचे, कुटलेल्या पांढऱ्या आलुबुखाराचा लेप द्यायचा, म्हणजे दडलेले डाग वर येतात. हाडांवरच्या खुणा पाहायच्या तर ती धुऊन, उन्हात लाल तेलकट छत्री धरून तिच्याखाली न्याहाळायची. लाल छत्रीतून गाळलेला प्रकाश साकळलेल्या रक्ताचा रंग उठावदार करतो. आज निवडक तरंगलांबीच्या दिव्यांनी पुसट जखमा शोधतात, त्यामागचे तत्त्व हेच.

सोंग त्सच्या ग्रंथातली विळ्याची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. रस्त्याकडेला सापडलेल्या प्रेतावरचे वार विळ्याचे आहेत असे ओळखून अधिकाऱ्याने गावातले सगळे विळे जमिनीवर मांडायला लावले. दिवस उन्हाळ्याचे होते. धुतलेल्या एका विळ्यावरच माश्या घोंगावू लागल्या आणि त्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. गोष्ट माश्यांची म्हणून सांगितली जाते. पण माश्यांच्या आधी कोणीतरी जखम पाहून विळा हे हत्यार ठरवले होते, आणि खरे काम ते होते.

युरोपात जखमेला आधी किंमत मिळाली. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सातव्या शतकाच्या आरंभीच्या कायद्यात अवयवांचे दरपत्रकच आहे: अंगठा २० शिलिंग, अंगठ्याचे नख तीन, करंगळी ११. काळानिळा डाग कपड्याबाहेर असेल तर ३० स्केट, कपड्याखाली झाकला जात असेल तर २०. मुक्या माराला दर मिळाला होता. पण दुखण्याइतकीच दिसण्याचीही भरपाई त्यात होती. काही जर्मन जमातींच्या कायद्यांत डोक्यातून निघालेल्या हाडाच्या तुकड्याची परीक्षा अशी असे: तो रस्त्यापलीकडून ढालीवर फेकायचा आणि आवाज ऐकू आला तर दंड वाढवायचा. हसू यावे अशी ही पद्धत. पण साक्षीदारांसमोर, सगळ्यांना पटेल असे माप लावण्याची धडपड तिच्यामागे आहे.

अनेक जखमांपैकी प्राणघातक कोणती, हा प्रश्न रोममध्ये फार पूर्वी विचारला गेला होता. इ. स. पूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरवर झालेल्या २३ वारांपैकी छातीवरचा दुसरा वारच जीवघेणा होता, असे अँटिस्टियस या वैद्याचे मत सुएटोनियसने नोंदवले आहे. या प्रश्नाला कायद्याची चौकट मिळाली ती पंधराशे वर्षांनी. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या १५३२ च्या ‘कॅरोलिना’ संहितेने जखमेने मेलेल्यांची तपासणी शल्यचिकित्सकांकडून करून घेणे बंधनकारक केले. १५७५ मध्ये फ्रान्सच्या आंब्रवाझ पारे याने न्यायालयासाठी अहवाल कसे लिहावेत याचे नमुनेच छापले. लाइपझिगच्या योहानेस बोन याने १६८९ च्या ग्रंथात एक पाऊल पुढे टाकले. कोणत्याही परिस्थितीत मारणारी जखम वेगळी आणि उपचारातल्या हयगयीमुळे किंवा आधीच्या आजारामुळे जीवावर बेतलेली जखम वेगळी, हा भेद त्याने लावून धरला. तो ठरवायचा तर जखमेत सळई घालून पाहणे पुरेसे नाही, डोके, छाती आणि पोट तिन्ही उघडून पाहिली पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. मारणाऱ्याच्या वकिलाला हा भेद किती उपयोगी पडला असेल, हे सांगायला नको.

मुक्या माराचा पहिला पद्धतशीर प्रयोग एडिंबरोत झाला. बर्क आणि हेअर या दोघांनी माणसे मारून त्यांची प्रेते शरीररचनेच्या शिक्षकाला विकल्याचे १८२८ मध्ये उघडकीस आले. प्रेतावरचे डाग मृत्यूच्या आधीचे की नंतरचे, हा प्रश्न खटल्यात आला, तेव्हा रॉबर्ट क्रिस्टिसन या प्राध्यापकाने मेलेल्या शरीरांवर प्रहार करून पाहिले आणि १८२९ मध्ये निष्कर्ष छापले. मृत्यूनंतर थोड्याच वेळात मारल्यासही वरवर जिवंतपणीच्या डागासारखा दिसणारा डाग पडू शकतो, असे त्याला आढळले. १८८७ मध्ये शेरलॉक होम्स वाचकांसमोर पहिल्यांदा आला, तोच विच्छेदनगृहात प्रेतांना काठीने बडवणारा विक्षिप्त गृहस्थ म्हणून. तो विक्षिप्तपणा मुळात एका प्राध्यापकाचा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पाठ्यपुस्तकांतली आजची मांडणी स्थिरावली. बोथट आघाताच्या जखमा तीन: खरचटणे, मुका मार आणि कातडी फाटणे. धारेच्या तीन: कापणे, तोडणे आणि भोसकणे. बंदुकीच्या वेगळ्या. महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत ‘सीएलडब्ल्यू’ ही तीन अक्षरे इतकी रुळली आहेत की शिपाईही ती उच्चारतो. मराठीत ती म्हणजे ठेचून फाटलेली जखम, आपली खोक.

प्रकार पाठ करणे सोपे, ओळखणे अवघड. सर्वांत जास्त फसवते ते डोके. टाळूची कातडी हाडावर ताणलेली असल्यामुळे लाठीचा फटका बसला की ती सरळ रेषेत फाटते आणि कोयत्याने कापल्यासारखी दिसते. भिंगाखाली पाहिले तर कडा किंचित ठेचलेल्या, केसांची मुळे चिरडलेली आणि जखमेच्या तळाशी दोन्ही काठांना जोडणारे न तुटलेले तंतू दिसतात. धारेने हे तंतू शिल्लक राहत नाहीत. एकाच जखमेला लाठी म्हणायचे की कोयता, यावर कलम बदलते. कापलेल्या जखमेला शेवटाकडे उथळ होत जाणारी शेपटी असते. वार कोणत्या दिशेला ओढला ते ती दाखवते. एकधारी सुऱ्याने भोसकल्यास एक कोपरा टोकदार आणि दुसरा बोथट राहतो. काठीच्या वळाला दोन समांतर लाल रेषा असतात आणि मधली पट्टी फिकट, कारण फटक्याखाली दबलेले रक्त दोन्ही बाजूंना सरकते आणि तिथल्या केशवाहिन्या फाटतात. तळहात आणि हाताच्या बाहेरच्या बाजूवरचे वार माणूस स्वतःला वाचवत होता हे सांगतात.

भारतात हे शास्त्र इंग्रजी अमलाबरोबर आले, पण त्याला लवकरच इथली माती लागली. १८५६ मध्ये नॉर्मन चेव्हर्स याने बंगाल आणि वायव्य प्रांतांसाठी न्यायवैद्यकाचे पुस्तक लिहिले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या आणि सरकारी रासायनिक विश्लेषक असलेल्या आयझिडोर लायन याने पुढे भारतासाठी पाठ्यपुस्तक तयार केले. जयसिंग मोदी यांचे १९२० चे पुस्तक तर अजूनही नव्या आवृत्त्यांतून न्यायालयात उद्धृत होते. इंग्लंडच्या पुस्तकात न सापडणारे विषय या पुस्तकांत आले. त्यांतला एक बिब्ब्याचा. शत्रूवर खोटी फिर्याद करायची तर बिब्ब्याचे तेल अंगाला लावून काळपट डाग उठवायचा आणि तो मुका मार म्हणून दाखवायचा. असा डाग ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या: कडेला बारीक फोड, खाज, नखांनी खाजवलेल्या जागी पसरलेले डाग आणि ठिकाण हमखास आपला हात पोहोचेल असे. स्वतःच करून घेतलेले वारही असेच ओळखू येतात. ते उथळ, एकसारखे आणि समांतर असतात, आणि सदऱ्यावर कापल्याची खूण नसते.

प्रतवारीला कायद्याचा साचा दिला तो भारतीय दंडसंहितेने. मेकॉलेच्या आयोगाचा मसुदा १८३७ चा, कायदा १८६० चा आणि अंमल १ जानेवारी १८६२ पासून. तिने ‘दुखापत’ म्हणजे शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता अशी व्याख्या केली. त्यात कातडी फुटण्याची अट नाही. इंग्लंडच्या १८६१ च्या कायद्यात मात्र ‘जखम’ शब्दाला कातडीची पूर्ण जाडी तुटणे लागते. १९८३ मध्ये तिथल्या न्यायालयाने छऱ्याने डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला तरी ती जखम नव्हे, असा निर्णय दिला. मुक्या माराच्या बाबतीत भारतीय संहिता सुरुवातीपासून अधिक शहाणी होती.

जबर दुखापतीचे आठ प्रकार ३२० व्या कलमात मोजून दिले: पुरुषत्वनाश, एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाचे ऐकणे कायमचे जाणे, अवयव किंवा सांधा गमावणे, त्याची शक्ती कायमची घटणे, डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे वा निखळणे, आणि शेवटी जिवाला धोका आणणारी किंवा २० दिवस तीव्र वेदना देणारी वा नेहमीचे व्यवहार अशक्य करणारी इजा. एक दात पडला की दुखापत जबर ठरते, हे या यादीतले नेहमीचे आश्चर्य.

गावात मृत्यू घडला की जखमांची पहिली नोंद डॉक्टर करत नाही. कायद्याप्रमाणे पोलीस अधिकारी परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर प्रेत पाहतो आणि जखमा, मोडलेली हाडे, मुके मार कोणत्या हत्याराचे दिसतात ते लिहितो. हाच मरणोत्तर पंचनामा. मुंबई शहरात हे काम १८७१ च्या कायद्याखालील कॉरोनरकडे होते. ते पद १९९९ मध्ये रद्द झाले. पंचनामा मराठीत आणि डॉक्टरचा अहवाल इंग्रजीत असल्यामुळे एकाच जखमेची दोन वर्णने खटल्यात समोरासमोर येतात. पंचाने ‘धारदार हत्याराचा वार’ लिहिलेले डोके डॉक्टरच्या टेबलावर खोक ठरते, आणि उलटतपासणीची अर्धी तयारी तिथेच होते.

डॉक्टरच्या मताचे वजन किती, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात दाखवून दिले. ओटीपोटात भाल्याचा एकच वार होता, आतडी बाहेर आली होती आणि जखमी दुसऱ्या दिवशी मेला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. आरोपीला तीच जखम करायची होती का, आणि ती निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू घडवण्यास पुरेशी होती का, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले. पहिल्याचे उत्तर पुराव्यातून आणि परिस्थितीतून मिळते. दुसरे वस्तुनिष्ठ आहे आणि त्याचे उत्तर मुख्यतः वैद्यकीय पुराव्यातून येते. बोनच्या जुन्या प्रश्नाचेच हे भारतीय रूप.

मुका मार केव्हा बसला, हे मात्र अजूनही अडते. लाल, निळा, हिरवा, पिवळा असा रंगांचा क्रम सगळ्या पुस्तकांत दिवसांनिशी छापलेला असे. साकळलेल्या रक्तातले हिमोग्लोबिन विघटित होताना हे रंग येतात, हे बरोबर. दिवस मात्र माणसागणिक, जागेगणिक आणि कातडीच्या रंगागणिक बदलतात. १९९१ मध्ये छायाचित्रांच्या अभ्यासातून एवढेच खात्रीने निघाले की पिवळा रंग दिसत असेल तर मार १८ तासांहून जुना आहे. कपाळाला लागलेले दुसऱ्या दिवशी डोळ्याखाली उतरते, तेव्हा डागाची जागाही फटक्याची जागा असेलच असे नाही.

कोठडीतल्या मारहाणीत हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो, कारण तिथे मारणारा खूण न ठेवण्याची काळजी घेतो. तळपायावर मारले की सूज येते आणि काही दिवसांत ओसरते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिलेल्या नियमांत दोन गोष्टी आहेत: अटकेच्या वेळी अंगावरच्या लहान-मोठ्या सर्व जखमा तपासणी-पत्रकात नोंदवणे आणि दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी. जखमेचा दाखला आता पोलिसांच्या बाजूने जसा बोलतो तसा त्यांच्याविरुद्धही बोलू शकतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ३२० व्या कलमाची जागा ११६ व्या कलमाने घेतली. जबर दुखापतीचे पहिले सात प्रकार जवळपास तसेच आहेत; आठव्यातले २० दिवस १५ झाले. हाड न मोडता, दात न पडता, चेहरा शाबूत ठेवून एखाद्याला झोडपले असेल आणि जिवाला धोका नसेल, तर ती दुखापत साधी की जबर, हे अजूनही त्या शेवटच्या प्रकारावरच, म्हणजे माणूस किती दिवस वेदनेत आणि कामाविना पडून राहिला यावरच ठरते.